इरॅस्मसच्या नव्या कराराने धर्मसुधारणेला नेमकं काय दिलं

धर्मसुधारणेच्या, म्हणजे सोळाव्या शतकात प्रॉटेस्टंट पंथ घडवणाऱ्या चळवळीच्या, इतिहासात इरॅस्मसची ओळख बहुतेक वेळा एका वाक्यात उरकली जाते: चर्चवर टीका करणारा, पण या चळवळीचा जर्मन पुढारी मार्टिन ल्यूथर याच्याबरोबर न गेलेला विद्वान. यात त्याच्या मतांचा हिशेब लागतो, परिणामाचा लागत नाही. प्रॉटेस्टंट पंथांनी त्याची मतं थोडीच घेतली, आणि जी घेतली तीही अर्धीमुर्धी. त्यांनी उचललं ते त्याचं काम: नव्या कराराचा, म्हणजे बायबलच्या ख्रिस्ताविषयीच्या भागाचा, मूळ ग्रीक पाठ, शेजारी नवं लॅटिन भाषांतर, मागे शब्दाशब्दावर टिपा असा एक जाडजूड ग्रंथ, आणि तो वापरायची रीत. १५१६ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझलमध्ये योहान फ्रोबेनच्या छापखान्यातून बाहेर पडलेल्या या ग्रंथाचा माग काढला, की प्रायश्चित्त, विवाह, उपवासाचे नियम, रविवारचं प्रवचन यांत कुठे काय बदललं ते बोट ठेवून दाखवता येतं.

इरॅस्मस मानवतावादी होता, पण त्या काळचा मानवतावादी म्हणजे देव नाकारणारा माणूस नव्हे. व्याकरण, वक्तृत्व, काव्य, इतिहास आणि नीतिशास्त्र हे विषय प्राचीन लॅटिन-ग्रीक ग्रंथांतून शिकणारा आणि शिकवणारा तो मानवतावादी. रॉटरडॅमचा इरॅस्मस स्वतः दीक्षा घेतलेला पाद्री होता. १५०४ च्या उन्हाळ्यात लूवेनजवळच्या पार्क मठाच्या ग्रंथालयात त्याला लोरेंझो वाल्ला या इटालियन विद्वानाच्या टिपांचं हस्तलिखित सापडलं. चर्चने प्रमाण मानलेलं लॅटिन बायबल, म्हणजे व्हल्गेट, वाल्लाने पंधराव्या शतकात ग्रीक हस्तलिखितांशी ताडून पाहिलं होतं आणि जिथे जुळत नाही तिथे तसं लिहून ठेवलं होतं. इरॅस्मसने त्या टिपा १५०५ मध्ये पॅरिसला छापून घेतल्या. प्रस्तावनेत त्याने बजावलं, की शास्त्राचं भाषांतर हे व्याकरणकाराचं काम आहे आणि तिथे धर्मपंडितानेही त्याचं ऐकावं. पुढचं सगळं या एका भूमिकेतून निघालं आहे.

आता तो ग्रंथ कसा तयार झाला ते पाहू, कारण त्याचे गुण आणि दोष दोन्ही छापखान्यातल्या कामाच्या पद्धतीत आहेत. बाझलच्या डॉमिनिकन मठात ग्रीक हस्तलिखितांचा एक संग्रह होता. बाझलच्या धर्मपरिषदेच्या काळात रागुसाच्या योहानाने कॉन्स्टँटिनोपलहून आणलेली ही हस्तलिखितं त्याच्या मृत्यूनंतर मठाकडे राहिली होती. इरॅस्मसने शुभवर्तमानांसाठी, म्हणजे येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार पुस्तकांसाठी, बाराव्या शतकातलं एक हस्तलिखित घेतलं, प्रेषितांची कृत्ये आणि पत्रांसाठी दुसरं घेतलं, आणि आणखी काहींशी ती ताडली. वेगळी मुद्रणप्रत त्याने केलीच नाही. दुरुस्त्या हस्तलिखिताच्याच ओळींमध्ये आणि समासात लिहिल्या आणि तेच कंपॉझिटरच्या हाती दिलं. शुभवर्तमानांचं ते हस्तलिखित आजही बाझलच्या विद्यापीठ ग्रंथालयात आहे. त्यावर इरॅस्मसच्या दुरुस्त्या आणि छापखान्याच्या खुणा दोन्ही दिसतात.

त्याच्या हाताशी याहून चांगलं एक हस्तलिखित होतं, ज्याला पुढच्या अभ्यासकांनी यादीत पहिला क्रमांक दिला. त्याचा पाठ इतरांपेक्षा वेगळा आणि बऱ्याच ठिकाणी जुना आहे. इरॅस्मसने ते फारसं वापरलं नाही. त्याचा पाठ अनेक जागी लॅटिनशी जुळत होता, म्हणून तो कुणीतरी लॅटिनवरून सुधारून घेतला असावा असा त्याला संशय आला. संशय चुकीचा होता, पण निराधार म्हणता येणार नाही. लॅटिन बायबल हे चर्चचं प्रमाण असल्याने ग्रीक पाठ त्याकडे ओढला जाण्याची भीती खरीच होती.

प्रकटीकरण या नव्या कराराच्या शेवटच्या पुस्तकासाठी एकच हस्तलिखित मिळालं, तेही योहान रॉयखलिन या जर्मन विद्वानाकडून उसनं. त्यात मूळ वचनं आणि अँड्रियास या जुन्या भाष्यकाराचं भाष्य एकमेकांत मिसळलेलं होतं. मूळ कुठे संपतं आणि भाष्य कुठे सुरू होतं हे ओळखून एका लेखनिकाला स्वतंत्र प्रत करावी लागली, आणि तिथे चुका शिरल्या. वर शेवटचं पान गायब, म्हणजे बाविसाव्या अध्यायाची अखेरची वचनं नाहीत. इरॅस्मसने ती व्हल्गेटवरून उलट ग्रीकमध्ये भाषांतरित केली. परिणाम असा झाला, की एकोणिसाव्या वचनात ग्रीक हस्तलिखितांत ‘जीवनाचं झाड’ आहे तिथे त्याच्या पाठात ‘जीवनाचं पुस्तक’ आलं. लॅटिनमध्ये लिग्नो आणि लिब्रो हे शब्द दिसायला जवळचे, आणि लॅटिन नकलांमध्ये ही चूक आधीच होऊन बसली होती. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्येही ‘पुस्तक’च आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या नवव्या अध्यायात, दमास्कसच्या वाटेवर पौल विचारतो की प्रभो, मी काय करावं अशी तुझी इच्छा आहे. हे वाक्यही त्या जागी लॅटिनमधूनच ग्रीकमध्ये आलं. ज्या ग्रंथाने लॅटिनवर ग्रीकचा अंकुश आणला, त्याच्याच ग्रीकमध्ये लॅटिन अशी झिरपलेली आहे.

छपाई १५१५ च्या शरदात सुरू झाली आणि १५१६ च्या मार्चच्या आरंभी संपली. सुमारे हजार फोलिओ पृष्ठं, तीही दोन लिप्यांत, अशी काही महिन्यांत छापली गेली. मुद्रितशोधनाला निकोलाउस गेर्बेल आणि योहानेस ओएकोलांपाडियस हे दोघं होते. इरॅस्मसच्या टिपा एकीकडे वाढत होत्या आणि दुसरीकडे फर्मे छापले जात होते. छपाईच्या चुका भरपूर राहिल्या, आणि हे संपादन कमी व घाई जास्त होती असं इरॅस्मसने पुढे स्वतःच लिहिलं. स्पेनमध्ये अल्कालाच्या विद्वानांचा ग्रीक नवा करार १५१४ च्या जानेवारीतच छापून झाला होता, पण पोपची परवानगी १५२० पर्यंत मिळाली नाही. त्यामुळे बाजारात आधी आला तो बाझलचा. प्रती निघाल्या सुमारे १२००. पहिल्या आणि १५१९ च्या दुसऱ्या आवृत्तीच्या मिळून ३३०० प्रती झाल्या. नंतर १५२२, १५२७ आणि १५३५ अशा आणखी तीन आवृत्त्या इरॅस्मसच्या हयातीत निघाल्या. १५२७ मध्ये त्याने अल्कालाचा पाठ पाहून प्रकटीकरण सुमारे ९० जागी दुरुस्त केलं.

योहानाच्या पहिल्या पत्रातल्या पाचव्या अध्यायाविषयी एक दंतकथा अजून फिरते. तिथे लॅटिनमध्ये पिता, शब्द आणि पवित्र आत्मा हे तिघं एक आहेत असं वाक्य होतं. ग्रीक हस्तलिखितांत ते सापडलं नाही म्हणून इरॅस्मसने पहिल्या दोन आवृत्त्यांत ते छापलं नाही. एडवर्ड ली आणि स्पेनचा झुन्यिगा यांनी त्याच्यावर त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव हे तत्त्व, नाकारल्याचा ठपका ठेवला. मग एक ग्रीक हस्तलिखित पुढे आलं, जे आता डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आहे, आणि १५२२ मध्ये इरॅस्मसने ते वाक्य घातलं. ‘एक तरी ग्रीक प्रत दाखवा, मी वाक्य घालतो’ असं त्याने वचन दिलं होतं अशी गोष्ट सांगितली जाते, पण तिला आधार नाही. निंदकांना निमित्त मिळू नये म्हणून घातलं, असं त्याने टिपेत लिहिलं आहे. त्या वाक्याच्या अस्सलपणाबद्दलची शंका त्याने लपवली नाही.

आता या ग्रंथाच्या वाचकांकडे वळू. जर्मनीतल्या विटेनबर्गमध्ये ल्यूथर १५१५ च्या वसंतापासून पौलाच्या रोमकरांस पत्रावर व्याख्यानं देत होता. इरॅस्मसची आवृत्ती हाती आली तेव्हा तो नवव्या अध्यायापर्यंत आला होता, आणि तिथून पुढे त्याच्या टिपणांत ग्रीक पाठ दिसू लागतो. मत्तयाच्या तिसऱ्या अध्यायात बाप्तिस्मा करणारा योहान म्हणतो, पश्चात्ताप करा. व्हल्गेटमध्ये इथे ‘पेनितेंतियाम आगिते’ होतं, आणि चर्चच्या व्यवहारात त्याचा अर्थ ‘प्रायश्चित्त करा’ असा बसला होता: पाद्रीपुढे पापांची कबुली, त्याने दिलेली क्षमा आणि मग भोगायची शिक्षा. इरॅस्मसने टिपेत दाखवलं, की ग्रीक क्रियापदाचा रोख मन पालटण्यावर आहे, बाहेरून भोगायच्या शिक्षेवर नाही. त्याने लॅटिनसाठी ‘रेसिपिस्किते’, म्हणजे भानावर या, असा शब्द सुचवला.

चर्चा व्हावी म्हणून ल्यूथरने मांडलेल्या ३१ ऑक्टोबर १५१७ च्या ९५ प्रबंधांतला, म्हणजे विधानांतला, पहिलाच प्रबंध याच शब्दांवर आहे, जे मत्तयाच्या चौथ्या अध्यायात येशूच्या तोंडी येतात: प्रभूने ‘पेनितेंतियाम आगिते’ म्हटलं तेव्हा विश्वासणाऱ्याचं सगळं आयुष्य पश्चात्तापाचं असावं अशी त्याची इच्छा होती. लगेच दुसरा प्रबंध सांगतो, की हे वचन पाद्रीमार्फत होणाऱ्या प्रायश्चित्ताच्या संस्काराला, म्हणजे चर्चच्या त्या पवित्र विधीला, लावता येत नाही. पुढच्या वर्षी ३० मे रोजी आपला गुरू श्टाउपित्सला लिहिलेल्या पत्रात ल्यूथर सांगतो, की ग्रीक आणि हिब्रू जाणणाऱ्या विद्वानांमुळे आपल्याला या शब्दाचा अर्थ उमगला. पापाच्या शिक्षेतून सूट देणारी पापमुक्तिपत्रं चर्च पैसे घेऊन देई, आणि त्यांचा सगळा हिशेब शिक्षेच्या भागावर उभा होता. वचनातून शिक्षा निघून गेल्यावर त्या पत्रांना शास्त्राचा आधार कुठून आणायचा? इरॅस्मसने हा प्रश्न विचारला नव्हता. त्याने शब्द ताडला आणि पुढच्या वचनाकडे गेला.

विवाहाच्या बाबतीत असंच घडलं. इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात नवराबायकोच्या नात्याला व्हल्गेट ‘साक्रामेंतुम’ म्हणतो, आणि विवाह हा सात संस्कारांपैकी एक असल्याचा हा मोठा दाखला मानला जाई. ग्रीकमध्ये शब्द आहे ‘मुस्तेरिओन’, म्हणजे गूढ. इरॅस्मसने तशी टीप दिली, पण विवाह हा संस्कार नाही असं मात्र म्हटलं नाही, फक्त या वचनावरून तो सिद्ध होत नाही एवढंच म्हटलं. १५२० मध्ये चर्चच्या बाबिलोनी बंदिवासावरच्या ग्रंथात ल्यूथरने याच ग्रीक शब्दावर बोट ठेवलं आणि विवाहाला संस्कारांच्या यादीतून काढून टाकलं. विवाह संस्कार नाही म्हटल्यावर विवाहाचे खटले चर्चच्या न्यायालयाकडेच का, हा पुढचा प्रश्न आला, आणि झुरिकने १५२५ मध्ये स्वतःचं विवाह न्यायालय उभारलं. एका टिपेपासून न्यायालयापर्यंतची ही वाट फक्त नऊ वर्षांची आहे.

ल्यूथर मात्र इरॅस्मसचा शिष्य कधीच नव्हता. १९ ऑक्टोबर १५१६ रोजीच त्याने सॅक्सनीच्या दरबारातल्या आपल्या मित्राला, स्पालाटिनला, कळवलं होतं, की पौलाने ज्याला नियमशास्त्राची धार्मिकता म्हटलं ती इरॅस्मस केवळ कर्मकांडापुरती समजतो, आणि हे चुकीचं आहे. १ मार्च १५१७ च्या एका पत्रात तर ‘आपला इरॅस्मस वाचतो आहे आणि दिवसेंदिवस माझी त्याच्यावरची मर्जी कमी होते आहे’ असं स्वच्छ लिहिलं आहे. मतभेद प्रबंधांच्या आधीचा आहे हे ध्यानात ठेवायला हवं. दोघं आधी मित्र होते आणि १५२४ मध्ये बिनसलं, अशी मांडणी वाचायला मिळते. ती चूक आहे.

वार्टबुर्गच्या किल्ल्यात १५२१ च्या डिसेंबरपासून सुमारे अकरा आठवड्यांत ल्यूथरने नवा करार जर्मनमध्ये आणला, तेव्हा समोर ग्रीक पाठ इरॅस्मसच्या १५१९ च्या आवृत्तीचा होता. १५१६ ची नव्हे, हे सांगावं लागतं कारण ही गफलत वारंवार होते. लूकच्या पहिल्या अध्यायात देवदूत मरियेला ‘कृपेने पूर्ण’ म्हणतो, ते इरॅस्मसने ‘ग्रातिओसा’ केलं होतं. ल्यूथरने जर्मनमध्ये तोच सूर धरला, आणि मरियेकडे कृपेचा साठा असल्याची कल्पना त्या वाक्यातून गेली. विल्यम टिंडलने १५२६ मध्ये व्होर्म्सला छापलेला इंग्रजी नवा करारही इरॅस्मसच्या ग्रीकवरून केलेला आहे. नांगर धरणाऱ्याने शेतात आणि विणकराने मागावर शास्त्रातली वचनं गुणगुणावी, बायकांनी शुभवर्तमानं वाचावी, ही इच्छा इरॅस्मसने आपल्या आवृत्तीच्या प्रास्ताविकात लॅटिनमध्ये लिहिली होती. स्वतः त्याने कुठल्याही बोलभाषेत भाषांतर केलं नाही.

माझ्या मते इरॅस्मसचा सगळ्यात खोल ठसा विटेनबर्गवर नव्हे, झुरिकवर आहे. झुरिकच्या सुधारणेचा पुढारी उल्रिख झ्विंग्ली स्वित्झर्लंडमधल्याच ग्लारुसला पाद्री असतानाच ग्रीक शिकू लागला होता. १५१६ च्या सुमारास तो बाझलला जाऊन इरॅस्मसला भेटला. १५१७ मध्ये आइन्झिडेल्नला असताना त्याने पौलाची सगळी पत्रं इरॅस्मसच्या छापील आवृत्तीतून ग्रीकमध्ये स्वतःच्या हाताने उतरवून घेतली. सोबत बाळगता येईल अशी ती लहानशी वही झुरिकच्या ग्रंथालयात आहे. समासात बारीक अक्षरात इरॅस्मसच्या टिपा, ओरिगेन, अँब्रोझ, जेरोम या प्राचीन धर्मपित्यांचे उतारे आहेत. पाठ करायचं तर हातून लिहून काढावं, ही मानवतावाद्यांची जुनी सवय. इरॅस्मसच्या एका कवितेत येशू तक्रार करतो, की सगळं माझ्याकडे असताना माणसं दुसरीकडे का शोधतात. ख्रिस्ताखेरीज दुसऱ्या मध्यस्थाची गरज नाही हे आपल्याला ती कविता वाचून पटलं, असं झ्विंग्लीने १५२३ मध्ये आपल्या ६७ कलमांच्या खुलाशात लिहिलं आहे. संतांची विनवणी झुरिकमध्ये बंद झाली त्याची एक मुळी इथे आहे.

१ जानेवारी १५१९ ला ग्रोसम्युन्स्टरमध्ये, म्हणजे झुरिकच्या मुख्य चर्चमध्ये, पहिल्या प्रवचनाला उभा राहिल्यावर झ्विंग्लीने जाहीर केलं, की यापुढे रविवारागणिक ठरलेले उतारे घेणार नाही. मत्तयाचं शुभवर्तमान पहिल्या वचनापासून सुरू करणार आणि क्रमाने शेवटापर्यंत जाणार. ही रीत प्राचीन धर्मपित्यांची, ख्रिसोस्टोमची. पण ते धर्मपिते नीट छापून हाती देणारे इरॅस्मस आणि त्याच्या वर्तुळातले संपादकच होते. या बदलाचा अर्थ असा, की पाद्रीला गैरसोयीचं वचन टाळता येत नाही. पुस्तकात जे पुढे येईल ते बोलावंच लागतं, आणि श्रोत्यांनाही पुढच्या वेळी काय येणार हे ठाऊक असतं.

१५२२ च्या मार्चमध्ये, उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी, म्हणजे चर्चच्या नियमाने मांस वर्ज्य असताना, मुद्रक क्रिस्टोफ फ्रोशाउअरच्या घरी सॉसेजचे तुकडे वाटले गेले. झ्विंग्ली हजर होता, पण त्याने खाल्लं नाही. फ्रोशाउअरने नगरपरिषदेला सांगितलं, की फ्रँकफर्टच्या जत्रेसाठी कामगार रात्रंदिवस राबताहेत, नुसत्या लापशीवर त्यांचं भागत नाही. २३ मार्चला झ्विंग्लीने अन्नाच्या स्वातंत्र्यावर प्रवचन दिलं आणि एप्रिलमध्ये ते छापलं. याच ऑगस्टमध्ये इरॅस्मसने बाझलच्या बिशपला मांसबंदीवर लांबलचक पत्र लिहून प्रसिद्ध केलं. मुद्दाम नियम मोडून दंगा करणाऱ्यांना त्याने फटकारलं, आणि त्याच दमात म्हटलं की हा नियम माणसाने केलेला आहे, गरिबांवर तो जड पडतो, बिशपांनी तो शिथिल करावा. दोघांचं निदान एकच होतं. इरॅस्मसला नियम बिशपने बदलायला हवा होता, झुरिकने तो नगरपरिषदेकडून बदलून घेतला.

झुरिकमध्ये १९ जून १५२५ पासून ‘प्रोफेत्साय’ नावाचा रोजचा अभ्यास सुरू झाला. याचा क्रम पाहण्यासारखा आहे. शुक्रवार आणि रविवार सोडून रोज सकाळी शहरातले पाद्री आणि विद्यार्थी ग्रोसम्युन्स्टरमध्ये जमत. प्रार्थनेनंतर एक विद्यार्थी जुन्या करारातला नेमलेला उतारा व्हल्गेटमधून वाची. मग हिब्रूचा शिक्षक तोच उतारा हिब्रूत वाचून समजावी. पहिला शिक्षक केपोरिनुस त्याच वर्षी वारला, त्याच्या जागी कोनराड पेलिकान आला. नंतर ग्रीक भाषांतराची पाळी, जी बहुधा झ्विंग्ली स्वतः घेई. त्यानंतर या उताऱ्यावर प्रवचन कसं करावं याची लॅटिनमध्ये चर्चा. तोवर गावकरी येऊन बसलेले असत, आणि शेवटी त्यांच्यासाठी तोच उतारा जर्मनमध्ये उलगडला जाई. इरॅस्मसच्या ग्रंथातले शेजारशेजारचे रकाने इथे माणसांच्या क्रमात उतरले आहेत. पेलिकान हा आधी फ्रोबेनकडे इरॅस्मसच्या जेरोम आवृत्तीसाठी हिब्रूची मदत करणारा माणूस, म्हणजे कारागीरही त्याच कारखान्यातले. १५३१ चं झुरिक बायबल या रोजच्या बैठकांतून पिकलं, आणि हा नमुना पुढे इतर रिफॉर्म्ड, म्हणजे झुरिकच्या वळणाच्या प्रॉटेस्टंट, शहरांनी आपापल्या परीने उचलला.

प्रभुभोजनाच्या विधीतल्या भाकरीत ख्रिस्ताचा देह खरोखर असतो का, या वादातही इरॅस्मसची सावली आहे. ‘आत्मा जिवंत करणारा आहे, देहापासून काही लाभ नाही’ हे योहानाच्या सहाव्या अध्यायातलं वचन इरॅस्मसच्या ‘एन्किरिदिओन’ या १५०३ च्या पुस्तिकेत कळीचं आहे: बाह्य विधी आतल्या भक्तीविना व्यर्थ. झ्विंग्लीने हेच वचन भाकरीला लावलं आणि भाकर ही ख्रिस्ताच्या देहाची खूण आहे असं म्हटलं. १५२९ च्या ऑक्टोबरमध्ये मारबुर्गला ल्यूथरशी झालेल्या चर्चेत तो त्यावर अडून राहिला, आणि ल्यूथरने समोरच्या मेजावर खडूने ‘हे माझे शरीर आहे’ असं लॅटिनमध्ये लिहून ठेवलं. पेलिकानने इरॅस्मसचंही मत आपल्यासारखंच आहे असं सांगितलं, तेव्हा इरॅस्मस चवताळला आणि दोघांची जुनी मैत्री तुटली. या जागी त्याचा प्रभाव किती, हे ठरवताना जपून बोलायला हवं. वचनाचं वजन त्याच्याकडून आलं, निष्कर्ष त्याने कधी मान्य केला नाही.

बाप्तिस्म्याबद्दल त्याने केलेली एक सूचना मात्र जितकी माहीत असायला हवी तितकी नाही. १५२२ मध्ये मत्तयाच्या विवरणाच्या प्रास्ताविकात त्याने लिहिलं, की तान्हेपणी बाप्तिस्मा झालेल्या मुलांना वयात येताना त्याचा अर्थ समजावून द्यावा, त्यांना समजलं आहे का ते खासगीत तपासावं, धर्म-आईबापांनी त्यांच्या वतीने दिलेली वचनं त्यांना मान्य आहेत का हे विचारावं, आणि असल्यास सगळ्यांसमोर समारंभाने ती पुन्हा द्यायला लावावी. पॅरिसच्या धर्मपंडितांनी या सूचनेचा निषेध केला. ‘मान्य नाही’ असं एखाद्या मुलाने म्हटलं तर, ही त्यांची धास्ती. स्ट्रासबुर्गचा सुधारक मार्टिन बुसेर याने १५३९ मध्ये जर्मनीतल्या हेसनसाठी केलेल्या चर्चव्यवस्थेत शिक्षण, परीक्षा आणि सभेपुढची कबुली या पायऱ्या आल्या, आणि प्रॉटेस्टंट दृढीकरणाचा विधी त्यातून रुळला.

मग १५२४ चा सप्टेंबर. इरॅस्मसने इच्छास्वातंत्र्यावर पुस्तक लिहिलं आणि माणसाच्या इच्छेला तारणात थोडा का होईना वाटा आहे असं मांडलं. १५२५ च्या डिसेंबरमध्ये ल्यूथरचं उत्तर आलं: इच्छा बंधनात आहे. त्याने इरॅस्मसला एक मान दिला. पोपची सत्ता, शुद्धिस्थान, पापमुक्तिपत्रं असल्या किरकोळ गोष्टींत न अडकता थेट नरड्याला हात घातलास, असं त्याने लिहिलं. हा वाद ग्रीकने का मिटला नाही? कारण दोघांचा पाठ एकच होता. इरॅस्मस आज्ञा करणारी वचनं दाखवतो आणि म्हणतो, ज्याला पाळता येत नाही त्याला देव आज्ञा का करील. ल्यूथर म्हणतो, आज्ञा माणसाला त्याची असमर्थता कळावी म्हणून आहेत. इथे व्याकरण संपतं. वचनं परस्परविरोधी दिसतात तिथे चर्चच्या परंपरेचा कौल घ्यावा, असं इरॅस्मसने मानलं, आणि ती परंपराच ल्यूथरला मान्य नव्हती.

१५२९ च्या फेब्रुवारीत बाझलमध्ये जमावाने चर्चमधल्या मूर्ती फोडल्या. तिथल्या सुधारणेचा पुढारी ओएकोलांपाडियस, म्हणजे इरॅस्मसच्याच ग्रंथाचा मुद्रितशोधक. एप्रिलमध्ये इरॅस्मस कॅथलिक फ्रायबुर्गला निघून गेला. १५३५ मध्ये छपाईच्या कामासाठी परत आला आणि जुलै १५३६ मध्ये बाझलमध्येच वारला. प्रॉटेस्टंट झालेल्या शहराने त्याला आपल्या मुख्य चर्चमध्ये पुरलं.

इंग्लंडमध्ये तर सरकारी हुकूम निघाला. सहाव्या एडवर्डच्या १५४७ च्या आज्ञापत्राने प्रत्येक पॅरिश चर्चला दोन ग्रंथ ठेवायला लावले: इंग्रजी बायबल तीन महिन्यांत, आणि इरॅस्मसने केलेलं शुभवर्तमानांचं विवरण इंग्रजीत बारा महिन्यांत. खर्च निम्मा पाद्रीचा, निम्मा पॅरिशचा, आणि जागा अशी की लोकांना येऊन वाचता येईल. विवरण म्हणजे शुभवर्तमानाची गोष्ट लेखकाच्याच तोंडून विस्ताराने, सोप्या ओघात सांगणं. भाषांतराचा खर्च राणी कॅथरिन पारने उचलला होता, संपादन निकोलस युडॉलचं. योहानाचा बराच भाग राजकन्या मेरीने केला, तिची तब्येत बिघडल्यावर दुसऱ्याने पुरा केला. छापलं एडवर्ड व्हिटचर्चने, १५४८ च्या जानेवारीत. दुसरा खंड १५४९ चा. प्रकटीकरणावर इरॅस्मसने विवरण लिहिलंच नव्हतं, म्हणून तिथे झुरिकच्या लेओ यूडचं विवरण घालण्यात आलं. पहिल्या एलिझाबेथने १५५९ मध्ये हा हुकूम पुन्हा काढला. त्याच वर्षी रोममध्ये चौथ्या पॉलच्या बंदीयादीत इरॅस्मसचं सगळं लेखन आलं.

आणि ल्यूथरच्या घरात? सॅक्सनीच्या चर्चची तपासणी करणाऱ्यांसाठी ल्यूथरचा सहकारी फिलिप मेलांक्थन याने १५२८ मध्ये नियमावली लिहिली, ल्यूथरच्या प्रस्तावनेसह. शाळेत मुलांचे तीन गट करावेत असं तीत सांगितलं आहे. पहिला अक्षरओळखीचा. दुसऱ्याने इसापाच्या गोष्टी वाचाव्या, आणि इरॅस्मसच्या संवादांतले मुलांना योग्य असे निवडून द्यावेत. ल्यूथरच्या इच्छेवरच्या त्या जहाल पुस्तकाला तेव्हा जेमतेम सव्वादोन वर्षं झाली होती. मेलांक्थन १५३५ पासूनच्या आपल्या धर्मतत्त्वांच्या पुस्तकात परिवर्तनाची, म्हणजे माणूस देवाकडे वळण्याची, तीन कारणं एकत्र येतात असं लिहू लागला: देवाचं वचन, पवित्र आत्मा, आणि त्याला नकार न देणारी माणसाची इच्छा. हे तिसरं कारण ल्यूथरपेक्षा इरॅस्मसच्या जवळचं आहे. त्यावरून ल्यूथरच्या अनुयायांत मेलांक्थनच्या मृत्यूनंतरही भांडण चाललं, आणि ल्यूथरपंथीयांच्या १५७७ च्या एकमतपत्राने ते कारण नाकारलं. नेदरलँड्समध्ये हाच प्रश्न लायडनचा धर्मपंडित आर्मिनियस याने उचलला. त्याच्या अनुयायांनी १६१० मध्ये आपली पाच कलमं मांडली. डोर्डरेख्टच्या १६१८-१९ च्या धर्मसभेने ती धुडकावली आणि त्या पाद्रींना पदांवरून काढलं. त्यांनी वेगळं चर्च काढलं, आणि ते रेमॉन्स्ट्रंट बंधुमंडळ नेदरलँड्समध्ये अजून चालू आहे.